तोफसाहेबांचा काळा ओघळ

शनिवार, सकाळी आठ. स्थळ : स्वयंपाकघर. उपस्थित : नवरा, बायको आणि आतल्या पानावरची चार ओळींची बातमी.

पांढरे केस हे हृदयविकाराच्या धोक्याचं एक लक्षण असू शकतं, असं म्हणे काही संशोधकांना वाटत होतं. नवरा बातमीदार. आयुष्यभर या खात्याला झोड, त्या खात्याला झोड. ऑफिसात त्यांना सगळे तोफसाहेब म्हणत. त्यांनी चहाच्या घोटाबरोबर बार उडवला.

"'असू शकतं'! 'वाटतं'! ही काय बातमी झाली? कुणी छापली?"

"तुमच्याच पेपरनं," बायको म्हणाली. "आणि तुमच्या पेपरात खोटं छापत नाहीत. तुम्हीच सांगता, रोज, जेवताना."

तोफ थंडावली.

"हृदयाच्या डॉक्टरांकडे फोन केलाय मी. अकराला बोलावलंय."

"अगं, पण माझे केस कुठे पांढरे आहेत?"

"अहो, ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी. गीझरमागची डायची बाटली मी मघाशीच मोरीत ओतली. डॉक्टरांना खरं डोकं दिसू दे."

तोफसाहेब हादरले. ती बाटली म्हणजे घरातलं एकमेव गुपित, असा त्यांचा समज होता. तिच्याबद्दल त्यांची तक्रार एकच : दोन महिने पुरायला हवी, ती एकातच संपे. कंपनी माल कमी भरते, ग्राहकांची उघड लूट चालली आहे, अशी तीन खरमरीत पत्रं त्यांनी धाडली होती. (बायकोचे केस मात्र पन्नाशीतही कोळशासारखे. 'आमच्या माहेरी कुणाचे केस पिकत नाहीत,' असं ती सांगे. सासरे पूर्ण टकले असल्यामुळे पडताळा घेता आला नव्हता.)

आणखी एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यात त्यांना धाप लागली होती. दोन मजल्यांत तीनदा थांबून त्यांनी भिंतीवरच्या नोटिसा वाचल्यासारखं केलं होतं. शनिवार हा त्यांचा डाय लावायचा वार; आता आरशात कानशिलं पुन्हा पांढरी, मिशी पांढरी. असं डोकं घेऊन डॉक्टरांपुढे जायचं म्हणजे निकाल आधीच लिहून नेण्यासारखं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. चपलांच्या फळीवर बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी होती. जुना टूथब्रशही होता.

रिक्षात बायकोनं नाक वर केलं. "कसला वास येतोय हो?"

"बुटांना पॉलिश केलंय आज."

बायकोनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायांत चपला होत्या. तिनं पदर नाकाला लावला. (ती बोलत नाही तेव्हा जपून राहावं, हे त्यांना एवढ्या संसारात कळायला हवं होतं.)

"केस छान काळे आहेत की!" डॉक्टर म्हणाले. "आनुवंशिक?"

"आनुवंशिक," तोफसाहेब म्हणाले. बायकोला जोराचा खोकला आला.

मग छातीला वायरी चिकटवून त्यांना पळत्या पट्ट्यावर चढवलं. पट्टा हळू होता तोवर ते ताठ मानेनं चालले. वेग वाढला, धाप लागली, घाम फुटला. आधी एक काळा ओघळ कानामागून निघाला, मग दोन मिशीतून, आणि तिन्ही छातीवरच्या वायरींच्या दिशेनं चालू लागले. मशीन चालवणारी मुलगी किंचाळली आणि तिनं लाल बटण दाबलं.

"डॉक्टर, लवकर या! काका गळतायत!"

डॉक्टरांनी ओघळाला बोट लावलं, वास घेतला. "हे काय आहे?"

मोठमोठ्या साहेबांना याच प्रश्नावर घाम फोडणारे तोफसाहेब टॉवेलाआडून म्हणाले, "यावर मला काही बोलायचं नाही."

"बुटाचं पॉलिश आहे," बायको म्हणाली. "आणि हे जिन्यात थांबतात, तेही लिहून घ्या. शेजारच्या वहिनी यांच्याच ऑफिसात आहेत, त्यांनी पाहिलंय."

"पांढऱ्या केसांवरून काही ठरत नसतं हो," डॉक्टर म्हणाले. "फार तर तपासून घ्यायला निमित्त. पण धाप लपवलीत, हे वाईट. डोकं धुऊन या, मग पुढचं पळू."

धुतलेल्या डोक्यानं ते पुन्हा पळाले. हृदय ठीक निघालं. वजन आणि आवाज, दोन्ही कमी करायला सांगितलं.

घरात डायला बंदी झाली. "ती बाटली पुन्हा दिसायला नको," बायकोनं बजावलं. महिन्याभरात तोफसाहेबांचं डोकं कापसासारखं झालं. ऑफिसात लोक म्हणाले, तोफेवर बर्फ पडला.

काल सकाळी दाढी करताना त्यांना बेसिनच्या कडेला एक काळा थेंब दिसला. बोट लावलं. ओला होता. घरात माणसं दोन, त्यांतल्या एकाचं डोकं पांढरंशुभ्र. त्यांनी ताबडतोब चौकशी सुरू केली.

"यावर मला काही बोलायचं नाही," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

दुपारी तोफसाहेबांनी कंपनीला चौथं पत्र लिहिलं, माफीचं. महिन्यापूर्वी मोरीत ओतलेल्या बाटलीचा थेंब काल ओला कसा होता, याचा खुलासा मात्र अद्याप कुणीही केलेला नाही.