सगुणा घोडीचा निकाल लागला नाही, त्याची बखर

श्री. ज्या विधात्याने घोड्यास पाठ दिली आणि माणसास तीवर बसावयाची हौस दिली, परंतु उतरल्यावर घोड्याची याद ठेवावी एवढी अक्कल द्यावयाची तेवढी विसरला, त्यास आधी दंडवत. मग शके सतराशे, विलंबीनाम संवत्सर, चैत्र मास. संवत्सराचे नावच विलंबी, तेव्हा पुढे जे जाहले त्याचा सगळा दोष माणसांवर ठेवू नये. राज्य कोणते, हे लिहीत नाही. लिहिले तर तेथील लोक म्हणतील आमचे नव्हे, आणि आणखी दहा राज्यांचे लोक म्हणतील हे तर आमचेच. त्या राज्यी महाराज मोठे पराक्रमी. पराक्रम एकच, परंतु रोज सांगत, तेणेकरून पुष्कळ वाटे. सोळा वर्षांमागे वाळूच्या माळावर शत्रूशी गाठ पडली, ते समयी महाराज सगुणा नामे घोडीवर स्वार होते, आणि घोडी ऐशी उधळली जे, दोन प्रहरांत अठरा कोस तोडून तिने महाराजांस थेट राजवाड्याच्या दारात आणून उभे केले. दरबारच्या कवींनी लिहिले की महाराजांनी शत्रूस अठरा कोस पिटाळला. शत्रू पुढे होता की मागे, हे कवींनी लिहिले नाही, कारण कवींस वर्षासन होते.

पुढे महाराजांच्या मनात आले जे, या पराक्रमाचे स्मारक व्हावे. मग चौकात लाकडी घोडा उभारावा, एकवीस हात उंच, वरती सोन्याचा वर्ख, ऐसा हुकूम जाहला. सुतारांनी शंभर तुकडे कातले आणि बोलिले, "हे जोडावयास सरस पाहिजे, रांजणच्या रांजण." सरस म्हणजे जनावराची चामडी, हाडे, खुरे उकळून जो चिकट रस निघतो तो. तेव्हा कारखानीस आबाजीपंत पुढे सरसावले. पंतांकडे सुतारखानाही होता आणि पागाही होती. पागेचा दाणा पंतांच्या म्हशी खात आणि म्हशींचे दूध पंत पीत, म्हणजे घोड्यांचा दाणा अखेर पंतांच्याच पोटावर दिसे, आणि घोड्यांच्या अंगावर फासळ्या तेवढ्या दिसत. पंत हात जोडून बोलिले, "महाराज, पागेत सत्तावीस म्हातारी जनावरे नुसती उभी आहेत. कोणी आंधळे, कोणी लंगडे. सगुणाही आहे, तिचा उजवा डोळा गेला. घोड्याच्या स्मारकास घोड्याचाच सरस, याहून सरस योग तो कोणता?" दरबार हसला. महाराज वर्खाचे नमुने उन्हात धरून पाहत होते, ते मान वर न करिता बोलिले, "लावा एकदाचा त्यांचा निकाल." चिटणिसांनी ते शब्द जैसेचे तैसे कागदी उतरिले आणि वरती मोर्तब केले. अठरा कोस जिने पाठीवर वाहिले, तिच्यासाठी महाराजांस मान वर करावयाची फुरसत जाहली नाही.

ही बातमी पागेत घोडी राखणाऱ्या सुभानजी मोतद्दाराने ऐकिली. तो सगुणेस शिंगरू होती तेव्हापासून खरारा करीत आला होता. तो धावत धावत धोंडो त्र्यंबक चिकटे वकील यांचे घरी गेला. आता चिकटे वकील म्हणजे त्या गावचा चालता विनोद. तीस वर्षे वकिली करून एक कज्जा जिंकला नव्हता. तारीख मागण्यात मात्र असा गडी झाला नाही आणि होणे नाही. लोक म्हणत, चिकट्यांचे हाती कज्जा दिला की तो वारसा म्हणून नातवाच्या मुंजीत वाटावा. त्यांच्या वडिलांनी एका विहिरीचा कज्जा घेतला होता, तो चालता चालता विहीर आटली, परंतु कज्ज्यास पाणी होते तैसेच, आणि तो आता चिकट्यांकडे आला होता. घरात त्यांची स्त्री उमाबाई म्हणत, "लग्नाच्या मुहूर्ताससुद्धा यांनी दोनदा पुढली तारीख मागितली होती, मी तेव्हाच समजायला हवे होते!" चिकटे ऐकून घेत आणि पानास चुना लावीत. परंतु मनात एक सल होता जे, मरणापूर्वी एकदा तरी न्यायसभेतून जिंकून बाहेर पडावे आणि पायरीवर लोकांनी वाट द्यावी.

सुभानजी पायरीवर बसला आणि रडू लागला. चिकटे बोलिले, "अरे, मजकडे कशास आलास? मी आजवर एकही कज्जा जिंकलो नाही, ठाऊक नाही का?"

"ठावं हाय जी. पर तुमचा येक बी कज्जा संपला न्हाई. म्हनूनशान तर आलो."

चिकट्यांनी पान तोंडात धरिले ते तैसेच राहिले. तीस वर्षांत त्यांची ऐशी स्तुती कोणी केली नव्हती. मग हुकुमाची नक्कल आणविली, एकदा वाचिली, दोनदा वाचिली, आणि मांडीवर थाप मारून बोलिले, "सुभानजी, कागदी 'मारावे' नाही, 'कापावे' नाही. निकाल लावावा ऐसे आहे. निकाल कशाचा लागतो रे?"

"कज्जाचा लागतो जी."

"मग आधी कज्जा नको का?"

दुसरे दिवशी पंतांची माणसे दोर घेऊन पागेशी आली, तो चिकटे न्यायसभेत उभे. न्यायाधीश दिनकरशास्त्री शब्दाचे मोठे अभिमानी, आणि सभेत बहुतकरून डोळे मिटून बसत. लोक म्हणत चिंतन करितात. घोरणे ऐकू येई ते चिंतनाचेच. चिकटे बोलिले, "शास्त्रीबुवा, सरकारी हुकूम निकालाचा आहे. निकालापूर्वी सुनावणी पाहिजे. घोडी प्रतिवादी आहे आणि मी तिचा वकील." आबाजीपंत खदखदा हसले आणि बोलिले, "निकाल लावणे म्हणजे ठार करणे, हे पाळण्यातले पोरही जाणते!" त्यावर चिकटे शांतपणे बोलिले, "तर मग शास्त्रीबुवा तीस वर्षे या गादीवर बसून लोकांचे निकाल लावीत आहेत, ते काय कत्तलखाना चालवितात?"

शास्त्रीबुवांचे डोळे उघडले ते दोन्ही एकदम उघडले. पंतांकडे ऐसे पाहिले जे पंतांनी उपरणे सावरिले. मग शास्त्रीबुवा बोलिले, "निकाल म्हणजे न्याय. दुसरा अर्थ जो करील, तो या गादीची बेअदबी करील. कज्जा दाखल." आणि त्या राज्याची जुनी रीत ऐशी होती जे, वाद चालेल तोवर वादातील जिवास सरकारने पोसावे, आणि त्याची तब्येत दर तारखेस सभेत दाखवावी, उतरली तर पोसणाऱ्यास चाबूक. ही रीत गाईम्हशींच्या तंट्यासाठी होती, घोड्यांस कोणी लावून पाहिली नव्हती. ती लागू होताच पंतांच्या म्हशी वाळू लागल्या आणि सगुणेच्या फासळ्या मांसाआड जाऊ लागल्या. बाकीची सव्वीस जनावरे चिकट्यांनी त्याच कागदी सहप्रतिवादी म्हणून चढविली, आणि सुभानजी मूठमूठ हरभरे चारी आणि म्हणे, "खावा, खावा, तुमची सुनावनी हाय!"

मग चिकट्यांची विद्या चालू जाहली. वकीलपत्रावर पक्षकाराची निशाणी पाहिजे, म्हणून घोडीचा डावा खूर शाईत बुडवून कागदी उमटविला. पंत बोलिले, "हा खूर तिचाच कशावरून?" चिकटे बोलिले, "शंका रास्त आहे. सत्तावीसांचे चारी खूर ताडून पाहावे." त्यात एक पावसाळा गेला. पुढे प्रतिवादीच्या बापाचे नाव पाहिजे. सगुणेचा बाप कोण, हे विचारावयास जासूद उत्तरेस पाठविला, आणि घोडे सगळे वादात गुंतले म्हणून जासूद बैलगाडीने गेला. तो दीड वर्षांनी परत आला आणि बोलिला, "बापाचे नाव तेथेही कोणी सांगत नाही." त्यावर सभेतील दोन सरदार उगीच खाकरले. पुढे शपथेची पाळी आली. गंगाजळाचा तांब्या घोडीपुढे धरिला, तो ती सगळा पिऊन गेली. पंत ओरडले, "शपथ मोडली!" चिकटे बोलिले, "माणसे गंगाजळास नुसता हात लावून खोटे बोलतात. हिने तर शपथ पोटात घेतली." शपथ शिवणे थोर की पिणे थोर, यावर शास्त्रीमंडळी दोन वर्षे भांडली, आणि दोहों पक्षांनी सरकारी मोदक खाल्ले. ऐसे हे राज्य. जेथे माणसाच्या न्यायास उशीर लागे तेथे लोक कपाळ बडवीत, आणि तोच उशीर घोड्यांस अमृत जाहला.

इकडे चौकात लाकडी घोड्याचे तुकडे पडून होते. महाराज नित्य खिडकीतून पाहत आणि पंतांस शिव्या देत. तेव्हा पंतांनी एक युक्ति केली. चिकट्यांचे घरी आले, विडा घेतला आणि हळूच बोलिले, "चिकटे, परवा तुमच्या विहिरीची तारीख आहे. निकाल तुमच्याकडून लागेल, बंदोबस्त केला आहे. वाजत गाजत घरी याल. त्याच दिवशी घोडीची तारीख आहे, तेथे तुमचे पोट दुखावे, इतकेच." आणि गेले.  पायरीवरची ती वाट, ते लोक, चिकट्यांच्या डोळ्यांसमोरून हालेनात. त्यांनी उमाबाईंकडे पाहिले. उमाबाई तांदूळ निवडीत होत्या, तशाच बोलिल्या, "जा, जिंकून या एकदा. येताना सुभानजी वाटेत भेटला तर तोंड झाकायला माझा पदर घेऊन जा." चिकटे हसले, परंतु हसणे नीट आले नाही. तिसरे दिवशी ते घोडीकडे उभे राहिले आणि तारीख घेतली. पलीकडच्या दालनात विहिरीचा पुकारा जाहला, कोणी ओ दिली नाही, आणि निकाल विरुद्ध गेला. उभ्या वकिलीत चिकट्यांच्या हातचा पहिला निकाल लागला तो ऐसा. लोकांनी पायरीवर वाट दिली खरी, परंतु हसावयास जागा पाहिजे म्हणून.

मग शके सतराशे सहा, क्रोधीनाम संवत्सर आले आणि महाराजांस क्रोध आला. "आमचाच हुकूम आणि आम्हासच तारखा? आम्ही स्वतः येतो, आज सोक्षमोक्ष!" ऐसे बोलून स्वारी न्यायसभेत दाखल जाहली. कढया चौकात मांडूनच आले होते, सरपणही रचिले होते. पंत मिशीवर हात फिरवीत होते. सगुणा अंगणात उभी होती. सुभानजीने तिच्या गळ्यात हात घातला होता. शास्त्रीबुवा हात जोडून बोलिले, "चिकटे, हुजूर स्वतः वादी म्हणून उभे आहेत. आता तारीख नाही. काय सांगणे ते सांगा."  चिकटे बोलिले, "तारीख मागत नाही. वादीस एक सवाल, तेवढा पुसू द्यावा." महाराज बोलिले, "पूस."

"महाराज, वाळूच्या माळावर आपण या घोडीवर स्वार होता?"

"होतो! अठरा कोस! सारे जग जाणते."

"तर पुसणे इतकेच जे, ते अठरा कोस घोडीचे तोंड कोणीकडे होते? शत्रूकडे होते, तर ही घोडी रणात झुंजली, आणि झुंजलेल्या शिपायास मरेपर्यंत पोसावे ऐसा आपल्याच आजोबांचा हुकूम आहे. आणि घराकडे होते, तर ही पळपुटी, हिला खुशाल उकळावे. परंतु मग तिच्या पाठीवर जे बसले होते…"

चिकट्यांनी वाक्य पुरे केले नाही. छत्तीस वर्षांची सवय. बाहेर सगुणा हरभरे फोडीत होती, ते आत ऐकू आले. कवी जमिनीकडे पाहू लागले. पंत खांबाआड गेले. महाराजांनी एकदा शास्त्रीबुवांकडे पाहिले, एकदा अंगणाकडे पाहिले, आणि सोळा अधिक सहा वर्षांत प्रथमच त्यांची आणि घोडीच्या राहिलेल्या एका डोळ्याची गाठ पडली. मग महाराज घसा खाकरून बोलिले, "ही गोष्ट… आठवून सांगावी लागेल. आज प्रकृती ठीक नाही. पुढली तारीख द्यावी."

शास्त्रीबुवांनी विचारिले, "कोणती द्यावी?"

"आठवेल तेव्हाची," महाराज बोलिले, आणि स्वारी उठली.

ती तारीख अद्याप आली नाही. लाकडी घोडा अखेर कणकेच्या खळीने चिकटविला, वरती वर्ख लाविला, तोफा सोडिल्या. पहिल्याच पावसात खळ भिजली, उंदीर लागले, आणि मान सुटून उलटी फिरून बसली, तोंड शेपटीकडे. आता घोडा पुढे धावतो की मागे, हे चौकातल्या कोणासच सांगता येईना, आणि विचारावयाची सोय नाही. सगुणा पुढले वर्षी, विश्वावसु संवत्सरी, मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात गवतात आडवी जाहली, सुभानजीच्या मांडीवर मान टेकिली आणि गेली. पंत त्याच दुपारी दोर घेऊन आले आणि बोलिले, "प्रतिवादी मेली, कज्जा मेला, बाकीची सव्वीस आमची." चिकटे तेथे बसलेच होते. डोळे पुसून कागद काढिला आणि बोलिले, "प्रतिवादी मयत. वारस सव्वीस, दाखल करणे आहेत. खूर ताडून पाहावे." शास्त्रीबुवांनी तत्काळ तारीख दिली. पंत दोर घेऊन घरी गेले. म्हशींस बांधावयास तरी उपयोगी पडला. सव्वीस जनावरे आपापल्या वेळी, आपापल्या मरणाने, दाणा खाऊन गेली.

एवंच, त्या राज्यात जिवंत घोड्यास दाणा मिळावयास कज्जा लागला आणि लाकडाच्या घोड्यास सोने फुकट मिळाले. चिकटे वकील जिंकले नाहीत ते नाहीतच, परंतु त्यांच्या पायरीस हात लावून जाणारा एक मोतद्दार त्या गावी होता. येणेप्रमाणे जे घडले ते, आणि घडावयास हवे होते तेही, कानी आले तैसे उतरिले. कोणास यात खोटे दिसेल, त्याने हरकत घ्यावी. तारीख मिळेल.