बिगोतेची पेस्ट

शनिवारी दुपारी बिगोतेने जांभई दिली आणि शेजारच्या तुलियोने आपली खुर्ची दोन हात मागे सरकवली.

"वाल्देमार, अरे काय मेलंय तुझ्या घरात?"

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. आठ महिन्यांपूर्वी त्या घरात खरोखरच मृत्यू झाला होता. वाल्देमारची बायको नेलिदा मार्चमध्ये गेली. तेव्हापासून तुलियो रोज दुपारी येऊन दारात बसायचा आणि रोज एकदा तरी असे काहीतरी बोलायचा.

"कुत्र्याचं तोंड आहे ते," वाल्देमार म्हणाला.

"तोंड होय? मला वाटलं दुसरी बाजू."

बिगोते अकरा वर्षांचा होता. जाड मिशा, वाकडे पाय आणि शेपटीचा नुसता बुंधा. तो नेलिदाचा कुत्रा. रोज संध्याकाळी ती त्याला आपल्या खुर्चीशी बसवून त्याचे दात घासायची. वाल्देमार पेपरातून डोके वर काढून विचारायचा, "काय, लग्नाला चाललाय का?" ती घासत राही. घासणे कसे असते हे त्याने एकदाही नीट पाहिले नव्हते. ती गेल्यावर घासणे बंद पडले.

इतके दिवस त्याचे काही अडले नव्हते. पण सकाळी मोंतेविदेओहून नेलिदाच्या थोरल्या बहिणीचा, ओफेलियाचा, फोन आला होता.

"उद्या चारला येते. बिगोतेला बघायचंय. तुझ्याच्यानं होत नसेल तर मी घेऊन जाते. माझ्याकडे अंगण आहे."

"होतंय की."

"बघू," ओफेलिया म्हणाली. हा 'बघू' वाल्देमारला ठाऊक होता. लग्नाच्या वेळीही ती हेच म्हणाली होती.

बिगोते अजून दिवसातून दोनदा नेलिदाच्या खुर्चीशी जाऊन बसायचा. वाल्देमार तसे करत नसे, कारण माणसाने तसे केले तर लोक डॉक्टरला बोलावतात. पण कुत्रा बसतो म्हणून त्यालाही तिथे थांबता यायचे. कुत्रा गेला तर तेवढेही उरणार नव्हते.

"सोपं आहे," तुलियो म्हणाला. "तुझीच पेस्ट लाव त्याला. पुदिन्याची."

वाल्देमारने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. प्राण्यांचा दवाखाना बाराला बंद झाला होता. बाई मुलीच्या वाढदिवसाला गेल्या होत्या आणि मागे कोणीतरी फुगे फोडत होते.

"माणसांची पेस्ट नको हं, डॉन वाल्देमार! कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो. काही पेस्टमध्ये त्यांना विष होईल असलं काही असतं. आणि इतका वास म्हणजे दाढ किडली असणार. सोमवारी आणा, बघते."

"पण उद्या पाहुणे येणार आहेत."

"मग कुत्र्यांची पेस्ट वापरा. नेलिदाबाईंनी फेब्रुवारीत पाच-सहा ट्यूबा नेल्या होत्या. पिवळी ट्यूब. कोंबडीच्या चवीची."

वाल्देमारने स्वयंपाकघर पाहिले. शिवणाचा डबा पाहिला. मग न्हाणीघरातल्या कपाटाचा खालचा खण उघडला, जिथून तो दर महिन्या-दीड महिन्याने नवी ट्यूब काढत असे. खण रिकामा होता. आरशाखाली त्याच्याच ब्रशाशेजारी एक ट्यूब शेपटीपर्यंत गुंडाळून ठेवली होती. पिवळी. त्याने चष्मा शोधला, लावला आणि वाचले. ट्यूबवर कुत्र्याचे चित्रही होते. हसरे.

मग त्याने आपल्या ब्रशाचा वास घेतला.

"सापडली का रे?" बाहेरून तुलियोने विचारले.

"सापडली. संपलीय."

"कोणी संपवली?"

वाल्देमार बाहेर आला. "जूनमध्ये मी डॉक्टरांकडे गेलो होतो, आठवतं? नेलिदा गेल्यापासून सकाळी तोंडाला सूप प्यायल्यासारखी चव येते म्हणून."

"हो. दुःखानं होतं असं म्हणाले होते ना?"

"दुःख नव्हतं ते," वाल्देमार म्हणाला. "कोंबडी होती."

तुलियो इतका हसला की खुर्चीचा एक पाय मोडला. वाल्देमारही थोडा हसला. मग त्याच्या ध्यानात आले की नेलिदाने वर्षभराची बेगमी कुत्र्यासाठी करून ठेवली होती आणि ती आपण खाल्ली. कुत्र्याच्या तोंडाला वास येत होता, आणि वाल्देमारचे दात मात्र चकचकीत होते.

नवी ट्यूब मिळायची ती दवाखान्यात, आणि तो सोमवारपर्यंत बंद. तेव्हा रविवारी जेवणानंतर तुलियोच्या सांगण्यावरून त्याने कोथिंबिरीसारखी पार्सली आणि पुदिना बारीक चिरून उकळला, गार केला, वाडग्यात ओतला आणि ब्रश घेऊन बसला. बिगोतेने वाडगा चाटून पुसून संपवला आणि आणखी मागितले. दुसऱ्यांदा भांडे अरुंद तोंडाचे हवे होते, म्हणजे मुस्कट आत जाणार नाही. येर्बा, म्हणजे कडू पाल्याचा चहा, नळीने ओढून प्यायचा तुंबा अगदी बेताचा होता. वाल्देमारच्या तुंब्यात सकाळची येर्बा होती. म्हणून त्याने फळीवरून नेलिदाचा तुंबा काढला, चांदीच्या नळीसकट. मार्चपासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"कुत्र्यासाठीच आहे," तो फळीकडे बघून म्हणाला.

ब्रश तुंब्यात बुडवायचा, कुत्र्याच्या तोंडात घालायचा, पुन्हा तुंब्यात बुडवायचा. वीस मिनिटे हे चालले. किडलेली दाढ उजवीकडे मागे होती. तिथे ब्रश लागला की बिगोते कण्हायचा. ओरडत मात्र नव्हता. किती दिवस दुखत असेल याला, आणि आपण वासाचेच बोलत राहिलो, असे वाल्देमारच्या मनात आले.

तेवढ्यात बेल वाजली. तीनच वाजले होते.

"बस लवकर मिळाली," म्हणत ओफेलिया हातात केकचा डबा घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरली. वाल्देमारने ब्रश खिशात कोंबला. तुंबा ओट्यावर राहिला होता.

"अगंबाई," ओफेलियाचा आवाज एकदम बदलला. "नेलिदाचा तुंबा! आणि आत पुदिना. ती घालायची तसाच. तू तर चिडवायचास तिला, पितेस की भाजी खातेस म्हणून. माझ्यासाठी काढलास?"

खरे सांगायला हीच वेळ होती. वाल्देमारने तोंड उघडले. पण ओफेलियाच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि तिने ओट्यावरच्या डब्यातली मूठभर येर्बा वर घालून थर्मासचे पाणी ओतलेही होते. ओतणाऱ्याने पहिला तुंबा प्यायचा असतो. ती प्यायली.

"वेगळंच लागतंय. पण छान आहे."

मग तिने तुंबा भरून वाल्देमारला दिला. कोणी येर्बा पुढे केली की नाही म्हणता येत नाही. तो प्यायला. दार उघडे बघून तुलियो आत आला, त्याच्याही हातात तुंबा आला. त्याने आतली हिरवी पाने पाहिली, मग वाल्देमारच्या खिशातून डोकावणारा ब्रश पाहिला, मग डोळे मिटून नळी ओढली.

"ग्रासियास!" तो आग लागल्यासारखा ओरडला.

येर्बा पिताना आभार मानले की त्याचा अर्थ पुरे, आता नको. ओफेलियाने तुलियोला वगळले आणि पुढचा तुंबा पुन्हा वाल्देमारला दिला. त्यालाही तो शब्द म्हणता आला असता. पण या तुंब्यासमोर त्याची जीभ त्या शब्दाला कधी वळलीच नव्हती. तो दुसरा प्यायला. तिसराही प्यायला.

"अजून तस्साच आहेस," ओफेलिया म्हणाली. "नेलिदा म्हणायची, एक्केचाळीस वर्षं येर्बा करून देतेय, एकदा ग्रासियास म्हणाला नाही हा बाबा."

"म्हटलं असतं तर तिनं थांबवलं असतं ना. मला नेहमी आणखी एक हवी असायची."

"येर्बा पिताना नाही रे, गाढवा. दिवसाला चोवीस तास असतात. बाकीच्या वेळी कधी म्हणायचं होतंस."

तुलियो उठून खिडकीपाशी गेला.  वाल्देमारने आठवून पाहिले. न्याहारीला नाही. इस्त्रीच्या शर्टाला नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यातसुद्धा, ती त्याच्या स्वेटरची बटणे लावत होती तेव्हा, "राहू दे" म्हणाला होता.

"हे तिला ठाऊक होतं का? नेहमी आणखी एक हवी असायची ते?"

"ते मला काय माहीत? तिला विचारायचं होतंस," ओफेलिया म्हणाली, आणि डोळे पुसत खाली वाकून तिने बिगोतेची पापी घेतली. "बघ की, याच्या तोंडाला काही वास नाही. तुलियोच मागच्या आठवड्यात फोनवर सांगत होता, घरात बसवत नाही म्हणून. उलट पुदिन्याचा..."

ती थांबली. तिने आपल्या तळहातावर श्वास सोडून हुंगला. मग कुत्र्याचे तोंड हुंगले. मग तुंबा.

"वाल्देमार."

त्याने खिशातून ब्रश काढून टेबलावर ठेवला आणि सगळे सांगितले. पार्सली, वाडगा, तुंबा, किडलेली दाढ, पिवळी ट्यूब, जूनमधले डॉक्टर. काही लपवले नाही. शेवटी म्हणाला, "तुझं बरोबर आहे. माझ्याच्यानं झालं नाही. त्याचा पट्टा दाराला टांगलाय."

ओफेलियाने तुंबा टेबलावर ठेवला, शक्य तितका लांब सरकवला.

"ग्रासियास," ती म्हणाली. त्या शब्दाचा अर्थ 'पुरे' असा असतो, हे कोणी इतके स्पष्ट करून सांगितले नसेल.

मग तिने न्हाणीघरात जाऊन दोनदा तोंड धुतले. परत आली तेव्हा हातात ती पिवळी गुंडाळी होती. ती तिने बराच वेळ निरखली. तिचे खांदे हलू लागले. वाल्देमारला वाटले रडतेय, पण ती हसत होती.

"कुत्र्याला मी नेत नाही," ती म्हणाली. "ज्या माणसानं आठ महिने कुत्र्याची पेस्ट लावली, त्याला एकटं टाकून कसं चालेल? बिगोतेला राहू दे इथं. कोणीतरी शहाणं हवं घरात. उद्या त्याला आधी डॉक्टरीणबाईंकडे ने. आणि स्वतः चष्मा लावत जा."

संध्याकाळी पाचच्या बसने ती गेली. वाल्देमारने तुंबा तीनदा धुतला आणि पुसून फळीवर ठेवला. मग नुसत्या पाण्यात ब्रश बुडवून तो नेलिदाच्या खुर्चीत बसला, पहिल्यांदाच, आणि बिगोते सवयीने येऊन समोर उभा राहिला. दुखरी दाढ सोडून त्याने एकेक दात घासला. नेलिदाला हे रोज जमत होते. त्याचा तर हात भरून आला.

संपल्यावर तो खुर्चीच्या हाताला म्हणाला, "ग्रासियास."

खोलीत काही हलले नाही. बिगोतेने कान टवकारले. वाल्देमार एकदम घाबरला. इतक्या वर्षांनी म्हटलेल्या शब्दाचा नेलिदाने भलताच अर्थ घेतला तर?

"म्हणजे पुरे असं नाही गं," तो घाईघाईने म्हणाला. "आणखी एक चालेल मला."