बिनपत्रिकेचं स्थळ

श्रीधरपंतांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! हे लोक म्हणत नव्हते, ते स्वतःच म्हणत. खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. तयार होऊन आलेल्या मालात खोट काढायची, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर माल बदलला, सवय तीच राहिली. मंडईत त्यांनी वांगं हातात घेतलं की वांग्यालाच स्वतःच्या चारित्र्याची शंका येई. भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखत आणि चांगला माल आधीच मागे सरकवून ठेवत.

अशा माणसाला मुलीचं लग्न जमवायचं होतं. मुलगी, स्पृहा, गुणाची. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, स्वतःची स्कूटी, आणि साखरेतली मुंगीसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारी. घोडं अडत होतं पत्रिकेत. राक्षसगण!

आता राक्षस हा शब्द आपण दिवसभर किती सहज वापरतो. चार पोळ्या जास्त खाल्ल्या की राक्षस. आरडाओरडा करणारं पोर राक्षस. रजा न देणारा साहेब तर राक्षसच. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण तोच शब्द पत्रिकेच्या कोपऱ्यात दिसला, की भलीभली शिकलेली माणसं चहा अर्धा टाकून उठतात. एका मुलाच्या आत्याने तर स्पृहाकडे बघत जवळचा नातू उचलून मांडीवर घेतला होता. त्या रात्री स्पृहा जेवली नाही, आणि तिची आई, हेमाताई, देवापुढे बराच वेळ बसून राहिल्या.

म्हणून कर्वेनगरच्या कुसुमताईंचा फोन आला, तेव्हा हेमाताईंना आभाळ ठेंगणं झालं. मुलगा पुष्कर, संगणकातला इंजिनिअर. घरात आई आणि मुलगा दोघंच, थोरला बंगळूरला. आणि मुख्य म्हणजे, पत्रिका आम्ही बघत नाही, असं त्या स्वच्छ म्हणाल्या.

हेमाताईंनी देवाला साखर ठेवली. श्रीधरपंत मात्र एकदम सावध झाले.

"का बघत नाहीत?" त्यांनी विचारलं.

हेमाताई म्हणाल्या, नसतील मानत. यावर पंतांनी त्यांना समजावलं, की वांगं न बघता पिशवीत टाकणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर खोटी नोट खपवायला आलेला असतो. आणि कर्वेनगरात मूर्ख माणसं राहत असल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मायलेक आले. पुष्करचे डोळे लालभडक होते. पोह्यांची पहिली बशी त्याने कुणाचं लक्ष जायच्या आत संपवली. दुसरी संपवली. तिसरीला नको म्हणाला, पण ते नुसतं तोंडाने. मध्येच एकदा खुर्चीतल्या खुर्चीत पेंगला. स्पृहाशी मात्र गॅलरीत उभा राहून अर्धा तास बोलला, आणि ती आत आली ती गालातल्या गालात हसत. मग दिवेलागण झाली तसा तो घाईघाईने उठला. रोज याच वेळी ऑफिसला जावं लागतं, म्हणाला.

"संध्याकाळी?" पंतांनी विचारलं.

अमेरिकेतल्या एका बँकेचं काम आहे, तिथला दिवस म्हणजे आपली रात्र, असं त्याने सांगितलं. पंतांनी मान डोलावली आणि दार लागताच हेमाताईंकडे वळले. अमेरिकेतल्या बँकेला कर्वेनगरातला माणूस कशाला लागतो? तिकडे माणसं संपली? डोळे लाल, भूक अचाट, सूर्य मावळला की बाहेर, उजाडलं की झोप. "अगं, राक्षसाची लक्षणं याहून वेगळी असतात का? आपल्या पोरीचा नुसता गण आहे. हा अख्खाच्या अख्खा आहे!"

स्पृहाने आतून सगळं ऐकलं. तिने बाहेर येऊन एवढंच सांगितलं, की मला मुलगा पसंत आहे आणि बाबांनी यात लक्ष घालू नये. तपासणी खात्यातल्या माणसाला लक्ष घालू नको सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं. पंतांनी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली.

थंडीचे दिवस. डोक्याला माकडटोपी, नाकापर्यंत मफलर. कुसुमताईंच्या इमारतीसमोरच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र उघडून पंत बसू लागले. संध्याकाळी पडदे लावलेली एक सुमो येई, आधीच बसलेल्या लालडोळ्या पोरांमध्ये पुष्कर घुसे आणि गाडी निघून जाई. म्हणजे टोळी होती! पंतांनी एकदा पाठलाग केला, पण कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलने दगा दिला.

मग त्यांनी चौकशा सुरू केल्या. इस्त्रीवाल्याला विचारलं, कपड्यांना कसले डाग असतात? वाण्याला विचारलं, सोडा किती जातो? रखवालदार वैजनाथला विचारलं, साहेब शुद्धीत परततात का? वैजनाथ परभणीकडचा, सरळ माणूस. "पहाटं येतेत, झोकांड्या खात जिना चढतेत," त्याने सांगितलं. बिचारा झोपेबद्दल बोलत होता. पंतांना मात्र सगळा उलगडा झाला.

इकडे इमारतीत कुजबूज सुरू झाली. कुणी मफलरवाला पुष्करच्या मागावर आहे. कर्जवसुलीचा गुंड असेल, खंडणीवाला असेल. कुसुमताईंच्या तोंडचं पाणी पळालं. आणि इमारत पुण्यातली असल्यामुळे पोलिसांच्या आधी पाटी लागली: 'समोरच्या कट्ट्यावर माकडटोपी घालून बसणाऱ्या गृहस्थांनी आपली ओळख द्यावी. अन्यथा ती आम्ही करून घेऊ.'

पंतांनी पाटी दोनदा वाचली. भाषा त्यांना आवडली. घरी येऊन हेमाताईंना म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो? ती वस्तीच चांगली नाही. कुणीतरी संशयास्पद इसम तिथे रोज टपून बसतो!"

हेमाताईंनी खुंटीवरच्या माकडटोपीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नवऱ्याला त्या पुष्कळ बोलल्या. पण पंतांची एकच तपासणी उरली होती. फॅक्टरीत नुसत्या वासावरून ते दारूगोळ्याची खोट सांगत. दारू काय, ओळखता येणार नव्हती?

दुसऱ्या दिवशी पहाटे ते कट्ट्यामागच्या झाडाआड दबा धरून बसले. सुमो आली. पुष्कर उतरला, डोळे मिटत मिटत फाटकाकडे चालू लागला. पंत झाडामागून पुढे झाले. "किती वाजले हो?" असं मफलरातून विचारत त्यांनी नाक थेट पुष्करच्या तोंडाला भिडवलं आणि खोल श्वास घेतला.

झोपेत चालणाऱ्या माणसाच्या तोंडाशी अंधारातून एक माकडटोपी येऊन हुंगते, म्हणजे तो ओरडणारच! पुष्करच्या किंकाळीने वैजनाथ धावला आणि त्याने पंतांना मागून कवळ घातली. दूध आणायला कुसुमताई खालीच आल्या होत्या. त्यांनी हातातली दुधाची पिशवी नेम धरून मारली. ती पंतांच्या कपाळावर फुटली.

"मेल्या राक्षसा, माझ्या पोराला खायला आलास?"

वैजनाथने टोपी ओढली. दूध निथळणाऱ्या त्या चेहऱ्याकडे पुष्करने डोळे चोळत पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "हे स्पृहाचे बाबा."

पुढच्या अर्ध्या तासात श्रीधरपंत आयुष्यात पहिल्यांदा न तपासता चहा प्यायले. टॉवेल गुंडाळून ते कुसुमताईंच्या सोफ्याच्या कडेला बसले होते. पुष्करने फोन केल्यामुळे हेमाताई आणि स्पृहा रिक्षाने आल्या. स्पृहा बापाकडे बघतही नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. बाकीच्यांनी नाकारलं ते गणामुळे. हे स्थळ मात्र आपण आपल्या हातांनी घालवलं, हे त्यांना कळलं.

"चूक माझी आहे, मुलीची नाही," ते कसेबसे म्हणाले. "तिचा राक्षसगण आहे. तुम्ही पत्रिका मागितली नाही, म्हणून मला वाटलं, तुमच्याकडेच काहीतरी असणार."

कुसुमताईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग त्यांनी सांगितलं, की थोरल्याची पत्रिका पुण्यातल्या तीन ज्योतिष्यांकडून जुळवून घेतली होती. सगळे गुण जुळले, फक्त माणसं जुळली नाहीत. वर्षाच्या आत काडीमोड झाला. तेव्हापासून या घरात पत्रिका बघायची नाही, असं ठरलं होतं.

"पण आज मात्र एक बघावी लागणार," त्या म्हणाल्या.

स्पृहाने मान खाली घातली. हेमाताईंनी पर्समध्ये हात घालून पत्रिका काढली.

"तिची नको हो. यांची. तुमचा गण कोणता, श्रीधरपंत?"

पंतांनी बशीकडे पाहत अगदी बारीक आवाजात सांगितलं, "देवगण."

"हं," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी स्पृहाला जवळ बोलावून शेजारी बसवलं. "मुलगी बापावर गेलेली नाही ना, एवढंच बघायचं होतं."