शेवटच्या बाकावरचे निचिते सर

आमचे निचिते सर पन्नाशीचे, अर्थशास्त्राचे विभागप्रमुख, आणि वर्गातले सगळ्यात वाया गेलेले विद्यार्थी.

मुरबाडच्या कॉलेजात आम्ही एम.ए.ला असताना त्यांनी एक उद्योग काढला. ज्यांना पुढे कॉलेजात शिकवायचंय, त्यांनी दर शनिवारी आपल्याच सोबत्यांपुढे तास घ्यायचा. सर विद्यार्थी होणार. उशिरा दारात येऊन म्हणायचे, "मॅडम, येऊ का? येष्टी फेल झाली." मग बाक खरवडत बसायचे, चिंचा खायचे, डोकं टेकून चक्क घोरायचे. आम्ही त्यांना उठवावं अशी अपेक्षा. विभागप्रमुखाला कोण उठवणार?

माझा पहिला तास मागणीच्या नियमावर होता. किंमत उतरली की मागणी वाढते, असं सांगून मी फळ्यावर रेषा काढली आणि वळून विचारलं, "कळलं का?"

सगळे "हो" म्हणाले. मागून हात वर झाला.

"मॅडम, मीठ स्वस्त झाला तर आमी आमटीत दुप्पट घालायचा का?"

वर्गात हशा. मी घाबरून म्हटलं, "हे अभ्यासक्रमात नाही. खाली बसा."

सर ताडकन उठले आणि पुन्हा सर झाले. "पुढच्याच प्रकरणात आहे, मॅडम! तासातला एकुलता एक चांगला प्रश्न, त्याला खाली बसवलंत? आणि 'कळलं का' विचारू नका. पोरं तुमची दया येऊन हो म्हणतात."

"मग काय विचारू?"

"काही नका विचारू. पाणी प्या. गप्प राहा. गप्प राहणं जमलं की शिकवणं जमलं."

ते मला जमेना. चार शनिवार गेले, मी बोलतच राहिले. शेवटी सरांनी मला पहिल्या वर्षाच्या खऱ्याखुऱ्या वर्गात ढकललं आणि स्वतः शेवटचा बाक धरला. मी मागणी शिकवली. थांबले. पाणी प्यायले. वर्ग गप्प, मीही गप्प. मी आणखी एक घोट घेतला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी चाचरत उठली.

"मॅडम, तांदळाचा भाव वाढला की लोकं कमी घेतात म्हणलात. पन आमच्या घरात भाव वाढला की सगली खूश होतात. मंग आमी कोन?"

"तुम्ही विकणारे!" मी जवळजवळ ओरडलेच, आणि फळ्यावर दुसरी रेषा काढली, पुरवठ्याची. उरलेला तास त्या वर्गानंच घेतला. घंटा झाली तरी कोणी उठेना. सर घोरायचं विसरले होते. जाता जाता एवढंच म्हणाले, "मॅडम, मना आज समजला."

पुढे मी सेट पास झाले आणि शहापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. अभिनंदन करायला सर त्यांच्या सापगावहून मोटारसायकलवर थेट आमच्या गावी, वैशाखऱ्याला आले. ओटीवर आमची थोरली आत्या तांदूळ निवडत होती.

"कुटला रं तू?"

"सापगावचा."

"जेवलास का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्या, माझे सर आहेत ते! अहो म्हण."

"मंग? सर जेवत नाय? बस रं, हात धू."

सर निमूटपणे हात धुऊन बसले. आत्यानं वाढलेलं सगळं खाल्लं, वर तिचं रागावणंही ऐकून घेतलं, "असा कसा वालला रं?"

मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. आत्याच्या वतीनं माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं, घरी पूर्वी दोघंच असायची, ते आणि आई.

"आई गेल्यापासून सगळे अहोच म्हणतात," ते म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

पुढच्या रविवारी दुपारी गाडी पुन्हा दारात. "या बाजूला जरा काम होतं," सर माझ्याकडे न बघता म्हणाले.

कसलं काम ते आत्यानं विचारलं नाही. आतून ताट आणलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "उशीर केलास रं."