माणसांसाठी नसलेली पावडर

माझा दीर किसन माझ्या ओट्यावर पालथा पडून ओकत होता. ओकारी हळदीसारखी पिवळी. मुठीत बोटाएवढी काचेची बाटली होती, ती सोडेना. मी मूठ उकलली. बाटली चाटूनपुसून रिकामी.

किसन साठीला टेकलाय, लग्न झालेलं नाही, अक्कल अजून यायची आहे. मनाईची पाटी दिसली की याच्या अंगात येतं. तुंगार्लीला एका बंगल्यावर ‘आत येऊ नये’ लिहिलेलं, म्हणून हा कुंपणावरून आत गेला. कुत्रं मागं लागलं, अर्धी पॅन्ट तिथंच राहिली. घरी येऊन म्हणतो, “वयनी, आंबं लय ग्वाड हायेत आतले.” एका हॉटेलात फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेलं पाणी पिऊन आला आणि दोन दिवस पोट धरून बसला. पाणी भारीच होतं म्हणे, आपल्या पोटाला सवय नाही. “नगं म्हंत्यात तितंच माल असतोय,” हे त्याचं शास्त्र.

असा माणूस कामाला कुठं लागावा? झाडपाल्यातून पिवळी पावडर काढून प्रयोगशाळांना पाठवणाऱ्या कंपनीत. हा बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. पावडरीला फ्लेव्होनॉइड म्हणतात. ते नाव तो कुलदैवताचं घ्यावं तसं घेतो. चिठ्ठीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : फक्त प्रयोगासाठी, माणसांना देऊ नये.

त्या उन्हाळ्यात माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, उशीर केला तर जिवावर बेतेल. मी म्हटलं, कापायला मी काय भोपळा आहे? आणि घरी आले. मुलगा रडला, सून रुसली. किसन तेवढा गप्प होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ओट्यावर त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, माणसांना देऊ नये हे माहीत होतं ना?

“व्हय. मान्सांना म्हंजे आपल्यासारख्यांना, वयनी. मोठी लोकं खात आस्तील.”

मॅडम कुणाला तरी सांगत होत्या म्हणे, काचेच्या बशीत गाठीवर ही पावडर टाकली की गाठ मरते. मी म्हटलं, मी काय बशीत राहते? आणि गाठ माझी, मग तू का गिळलीस?

तो पुन्हा ओकला. मग म्हणाला, “तुमास्नी द्यायच्या आदी बगाया नगं व्हय? आर्दी तुमच्यासाटी पुडीत बांदून घरात ठिवलीय.”

अर्धी मी मोरीत ओतली. त्याला रिक्षात घालून लोणावळ्याला नेलं. सलाईन लावलेल्या त्या येड्याकडे बघत बसले. मी अशीच हटून बसले तर हा उद्या आणखी काय काय चाटेल, याचा नेम नव्हता. उठले, डॉक्टरांकडे गेले आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

गाठ निघाली. पावडर न खाता मी जगले आणि खाऊन किसन जगला.