दगाआप्पांची दोन इंजिनं

दगाआप्पा फिटरला कुठला बिघाड सांगू नये. कंदील काजळतो एवढं म्हटलं, तरी थोड्या वेळात तो कंदील सुटा होऊन चादरीवर पसरलेला असे आणि शेजारी आप्पा मांडी घालून. “पहिला नटपासून देखूत,” हे त्यांचं ब्रीद. मला या ब्रीदाचा वीट आला होता.

त्या उन्हाळ्यात तापीकाठच्या आमच्या मळ्यात दोन तेलइंजिनं आली. मोठं आमचं, लहान काकांचं. सगळे भाग सुटे, दोन पेट्यांत; जोडायला शहाद्याहून आप्पांना बोलावलं, ते आमच्याकडेच मुक्कामाला. मोठ्या इंजिनाच्या भागांवर इंग्रजी मोठी अक्षरं, लहानाच्या भागांवर तीच अक्षरं छोट्या वळणाची. पण पूजेशिवाय लोखंड जोडायचं कसं? घरच्या बायांनी दोन्ही पेट्या एकाच सतरंजीवर ओतल्या, एकेका भागाला हळदकुंकू लावलं आणि आप्पांनी अक्षरं वाचून ते परत पेट्यांत वाटले. एक ‘ए’ इकडे, एक ‘ए’ तिकडे.

जोडलेली दोन्ही इंजिनं खोकायची आणि गप्प व्हायची. समोर तापी वाहत होती आणि ऊस पिवळा पडत होता. वर्षाचं पीक डोळ्यांदेखत चाललं होतं. आप्पा मात्र रोज सकाळी नव्याने सगळं सोडत. दुपारी आई त्यांना भाकरी वाढी आणि ते तिला गावभरच्या गोष्टी सांगत बसत.

शेवटी वैतागून मी एका भागावरचं कुंकू पुसलं. “आप्पा, हा ‘ए’ छोटा आहे. हा काकांच्या इंजिनाचा.”

“‘ए’ म्हंजे ‘ए’,” आप्पा म्हणाले. “मानूस धाकला ऱ्हावो का मोठा, नाव तेच ऱ्हास ना?”

मी कपाळाला हात लावला आणि दोन्ही ढीग स्वतः वेगळे केले. आप्पांनी पुन्हा जोडणी केली. दिवस कलायच्या आत पाटाला पाणी आलं. काका पाटाच्या कडेला बसून नुसते पाण्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना शहाद्याला सोडायला मी गाडी जुंपली. सुटलो एकदाचे, असं वाटत होतं. आप्पा हत्यारांची पिशवी पुनःपुन्हा आवळत ओट्यावर बसले होते.

“घर कोन शे?” आईने विचारलं.

“कोनीच नही, माय. ती गयी. पोऱ्या सुरतले ऱ्हास.” मग हळूच म्हणाले, “आखो काही बिघडेल शे का तुन्हा घरमा?”

मला एकदम वाईट वाटलं. इतके दिवस मी या माणसाच्या जाण्याची वाट बघत होतो.

आई आत गेली आणि स्टो घेऊन आली. “हाऊ देख बरं, दगा. धड पेटत नही.”

आमचा सकाळचा चहा नुकताच त्याच स्टोवर झाला होता. मी बैल सोडले आणि त्यांना वैरण टाकली.