पाहुण्यांची संख्या : दोन

स्वतःच्या घरी मुक्काम करायचा असेल तर सात दिवस आधी नोंदणी करावी लागते. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे, आणि सगळ्यांमध्ये मी येतो.

घर प्रकाशा गावात आहे, तापीपासून चालत दहा मिनिटांवर. माझ्या वडिलांनी ते १९६१ साली बांधले. सागाचे लाकूड खापरहून बैलगाडीने आणले, त्याला तीन दिवस लागले, हे ते मरेपर्यंत सांगत. गेल्या भाद्रपदात माझी बायको बेबीबाई वारली. दिवाळीला मुलगा नवनीत पुण्याहून आला आणि म्हणाला, "आबा, एवढ्या घरात तुम्ही एकटे काय करणार? घर बंद राहिलं की खराब होतं." माणूस बंद राहिला तर काय होते, हे त्याला विचारायचे राहून गेले. त्याने एका कंपनीशी अकरा वर्षांचा करार केला. ही कंपनी जुनी घरे घेते आणि शहरातल्या लोकांना सुट्टीत राहायला देते. मी आमच्या खताच्या गोडाऊनमध्ये राहायला गेलो. तिथे पंखा आहे.

महिन्याभरात घराबाहेर पितळी पाटी लागली : ‘पाटील वाडा, स्थापना १७६१.’ वाडा आम्ही त्याला कधी म्हटले नव्हते. मी आत जाऊन व्यवस्थापकाला सांगितले की दोनशे वर्षे जास्त झाली आहेत.

व्यवस्थापक हेमकांत हा कोरीटचा. चाळिशीचा माणूस आहे, नात्यातला आहे, मला काका म्हणतो. पण टेबलाच्या पलीकडे बसला की तो मला सर म्हणतो आणि पुस्तकातले मराठी बोलतो. टेबलाच्या अलीकडे आला की अहिराणी.

"सर, इमारतीचे वय मुख्य कार्यालयातून मंजूर होऊन येते," तो पलीकडून म्हणाला. मग उठून अलीकडे आला. "काका, एकसष्ट तर बराबर शे ना? मधला एकच आकडा बदलेल शे."

आत वडिलांचा फोटो मोठा करून लावला होता. खाली लिहिले होते, ‘मूळ पुरुष’. फोटोत वडिलांच्या मनगटावर घड्याळ होते. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते पुसलेले होते.

मी हे सगळे सोडून दिले असते. पण आखाजी जवळ आली.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर घरी येतात. मातीची घागर पाण्याने भरायची, वर खरबूज आणि आंबा ठेवायचा. घराच्या उंबऱ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवायचे, आणि प्रत्येक बोटाला गेलेल्या एकेका माणसाचे नाव घेऊन त्याला बोलवायचे. बेबीबाईची ही पहिली आखाजी. बाकीचे पितर वाट ओळखतात. नव्याला हाक नीट मारावी लागते.

मी बहीण कौसाबाईला विचारले, यंदा गोडाऊनमध्येच घागर भरली तर?

"भाऊ, तठे उंबरा शे का?"

"शटर आहे."

"मंग? वहिनीनी ज्या उंबरावर माप लवंडं, तठेच ती यी. शटरखाले वाकीसन यी का ती? तिन्हा गुडघा कसा व्हता, तुले माहीत नही?"

गुडघ्याचे खरे होते. मी नोंदणी करायला गेलो.

"एक दिवस, एक माणूस," मी हेमकांतला म्हणालो.

"सर, एकट्या पुरुषाला आपण खोली देत नाही. धोरण कुटुंबवत्सल आहे."

"मी कुटुंबासाठीच आलो आहे."

त्याने स्क्रीनवर बोट ठेवले. "पाहुण्यांची संख्या दोन असल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, सर."

"मग दोन लिही."

"दुसऱ्या पाहुण्याचे नाव?"

"बेबीबाई दोधू पाटील."

त्याने टाइप केले नाही. मी खिशातून तिचे आधार कार्ड काढून टेबलावर ठेवले. ते माझ्या खिशातच असते. बाई वारल्यापासून ते नऊ ठिकाणी दाखवावे लागले आहे. जिवंत असताना तिला एवढ्या ठिकाणी कोणी ओळख विचारली नव्हती. हेमकांतने नंबर टाकला, आणि कॉम्प्युटरने तो लगेच घेतला. मेलेल्यांची नोंद वेगळ्या कार्यालयात होते, पाहुण्यांची वेगळ्या. दोन कार्यालये एकमेकांशी बोलत नाहीत, याचा मला आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

"दुसऱ्या पाहुण्यांचे आगमन?" हेमकांतने मान वर न करता विचारले.

"दुसऱ्या दिवशी सकाळी. आखाजीला."

‘उशिरा आगमन,’ असे त्याने लिहिले.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पिशवी घेऊन घरी गेलो. पिशवीत घागर, खरबूज, दोन आंबे आणि बेबीबाईचा कुंकवाचा करंडा होता. दारात दिवलीबाई उभी होती. दिवलीबाई भिलाची. तिने बावीस वर्षे आमच्याकडे धुणेभांडी केली, आणि भांड्यांना राख राहिली यावरून बावीस वर्षे बेबीबाईशी भांडली. आता कंपनीने तिला नऊवारी नेसवली होती आणि नाकात चाप लावायची नथ दिली होती. तिने मला ओवाळले आणि पाठ केलेले वाक्य म्हटले, "राम राम पाव्हणं, लई दिसांनी आलासा."

इथून सुरतेपर्यंत असे कोणी बोलत नाही. पण पाहुण्यांना गावाकडचा माणूस असाच बोलेल असे वाटते, आणि पाहुण्यांचा अपेक्षाभंग झाला तर तारे कमी होतात. वाक्य संपल्यावर दिवलीबाईने तबक खाली केले आणि हळूच विचारले, "दादा, जेवनात का?"

मी आत शिरताना सवयीने पाय उचलला. पायाखाली काही आले नाही. मी तोल जाऊन थेट हेमकांतच्या टेबलावर आदळलो.

उंबरा नव्हता. जिथे तो होता तिथे स्टीलची चपटी पट्टी बसवली होती.

"म्हणूनच काढला, सर," हेमकांत मला उठवत म्हणाला. "पाहुणे अडखळतात. चाकांच्या बॅगा अडतात. सुरक्षा तपासणीत शेरा आला होता."

"मी तो नसल्यामुळे अडखळलो."

"त्यासाठी वेगळा रकाना नाही, सर."

"उंबरा कुठे आहे?"

तो मला जेवणाच्या खोलीत घेऊन गेला. उंबरा भिंतीवर होता. जमिनीपासून सात फुटांवर, आडवा, दोन पितळी खुंट्यांवर. वर छोटा दिवा. खाली पाटी : ‘काष्ठशिल्प, अठरावे शतक. उपयोग अज्ञात. स्पर्श करू नये.’

उजव्या टोकाला खाच तशीच होती. नवनीत पोटात असताना बेबीबाईच्या हातून तिथे वरवंटा पडला होता. पाय थोडक्यात वाचला होता.

"हा खाली घे," मी म्हणालो. "उद्या सकाळपुरता."

हेमकांत टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला, तेव्हाच मला उत्तर कळले. वारसा वस्तू हलवायला मुख्य कार्यालयात अर्ज करावा लागतो. निर्णय तीन कामकाजाच्या दिवसांत मिळतो. मुख्य कार्यालय उद्या अक्षय्य तृतीयेनिमित्त बंद होते.

"मग मीच शिडीवर चढतो."

"साठ वर्षांवरील पाहुण्यांना शिडी देता येत नाही, सर."

"मग तू चढ."

"वारसा वस्तूला स्पर्श करण्याचा मला अधिकार नाही."

"कोणाला आहे?"

हेमकांतने नियमांचे पुस्तक काढले आणि बराच वेळ चाळले. मग ते मिटून अलीकडे आला. "काका, दिवलीबाई रोज सकाळे शिडीवर चढीसन ती वस्तू फडकावरी पुसस. तिले परवानगी शे."

"पुसायची."

"पुसानी. पन फडकाले काय लागेल पाहिजे नि काय नको, ते पुस्तकमा लिखेल नही."

आखाजीच्या सकाळी आठ वाजता जेवणाच्या खोलीत शिडी लावली. पाहुणे नाश्त्याला यायचे होते. मी घागर भरून शिडीच्या पायाशी ठेवली, वर खरबूज ठेवले. दिवलीबाई नऊवारी सांभाळत वर चढली. तिने फडके बोटाला गुंडाळले आणि करंड्यात बुडवले. मी खालून नाव घ्यायचे, तिने वरून पुसायचे, असे ठरले होते. मी आजोबांचे नाव घेतले. तिने एक बोट पुसले. मी वडिलांचे घेतले, आईचे घेतले. तीन लाल बोटे झाली.

चौथे नाव माझ्याच्याने निघेना. दिवलीबाई वर बोट धरून थांबली होती.

"दादा, मी लेऊ का नाव?"

मी मान हलवली.

तिने खाच होती तिथे बोट टेकवले. मग बावीस वर्षे ज्या आवाजात भांडली त्याच आवाजात म्हणाली, "बेबीबाय, ये वं. भांडा घासी ठेयेल शेतस. ये, देखी ले."

हेमकांत दाराजवळ उभा होता. तो टेबलाच्या पलीकडे गेला, स्क्रीन उघडली, आणि पहिल्यांदाच पलीकडून अहिराणीत बोलला. "काका, काकूले ‘आल्या’ लिखू?"

"लिही," मी म्हणालो.

तेव्हा टाळ्या वाजल्या. पुण्याचे सहा पाहुणे मोबाईल धरून जिन्याच्या पायऱ्यांवर उभे होते. त्यातल्या एका बाईंनी डोळे पुसले आणि विचारले, "किती ऑथेंटिक आहे. हे रोज असतं का?"

"वर्षातून एकदा," मी म्हणालो.

"अय्या, आणि आमचे मित्र पुढच्या आठवड्यात येतायत."

दुपारी मी खोली सोडली. संध्याकाळी बेबीबाईच्या मोबाईलवर निरोप आला. तो मोबाईल मी अजून चार्ज करतो. ‘प्रिय बेबीबाई, आपल्या घरापासून दूर असलेल्या घरी आपला मुक्काम कसा झाला?’ खाली पाच रिकामे तारे होते. मी तिच्या वतीने काही दिले नाही. तिला भांड्यांबद्दल काही म्हणायचे असेल.

मला वाटले होते, मुख्य कार्यालय उघडले की वारसा वस्तूवर डाग पाडल्याची नोटीस येईल. पत्र आले ते वेगळेच होते. सहाच्या सहा पाहुण्यांनी पाच तारे दिले होते. म्हणून ‘पितर-आवाहन अनुभव’ आता रोज सकाळी साडेआठ वाजता, नाश्त्याआधी, आयोजित करण्यात येत होता. दिवलीबाईचे पद ‘वरिष्ठ आवाहक’ झाले. मला ‘अधिकृत वंशज’ म्हणून घागरीजवळ उभे राहायला बोलावले होते.

मी हो म्हणालो. कामावरच्या माणसांना मागच्या दाराने रोज आत जाता येते, नोंदणी लागत नाही. मागच्या दाराला उंबरा आहे, कारण तिकडून बॅगा येत नाहीत. मी फक्त एक अट घातली. बेबीबाईला रोज बोलवायचे नाही. माणसाला उठसूट हाक मारली की तो ओ देईनासा होतो. मी चाळीस वर्षे हाका मारून पाहिले आहे. कंपनीने अट मान्य केली आणि तिच्या जागी ‘सगुणाबाई’ हे नाव मंजूर करून पाठवले. १७६१ ला ते जास्त शोभते, असे पत्रात म्हटले होते.

पुढे पाहुण्यांनाही आपापल्या पितरांना बोलवायची सोय झाली. पाहुणे खालून नाव घेतात, दिवलीबाई वरून पुसते. वडिलांचे नाव सगळ्यांना येते. आजोबांचे बहुतेकांना येते, कारण ते वडिलांच्या नावापुढे असते. तिथून पुढे अडचण सुरू होते.

"आजीचं नाव घ्या," मी म्हणतो.

"आजी," पाहुणे म्हणतात.

"नाव?"

मग ते बायकोकडे बघतात. बायको मोबाईलकडे बघते. एका गृहस्थांनी तर रांग थांबवून आईला फोन लावला. आई म्हणाली, आत्ता मालिका लागली आहे, नंतर सांगते. अनुभवाला रोज वीस मिनिटे उशीर होऊ लागला, नाश्ता थंड होऊ लागला, तेव्हा मुख्य कार्यालयाने ज्यांना नावे आठवत नाहीत त्यांच्यासाठी अकरा तयार नावांचे कार्ड छापून पाठवले. आता अडत नाही. सगुणाबाईला सगळ्यांत जास्त मागणी आहे. दिवसाला चार-पाच घराण्यांची ती आजी होते.

परवा एक पाहुणे निघताना मला म्हणाले, "काका, तुम्ही नशीबवान. आमच्या फ्लॅटला उंबरठा होता, पण फरशी पुसायचं यंत्र अडायचं. काढून टाकला."

मी त्यांना काही बोललो नाही. ते पाहुणे होते. तुम्ही पाहुणे नाही, म्हणून सांगतो. उठा आणि तुमच्या दारात जाऊन खाली बघा. असेल तर ठीक. नसेल, तर एवढे वाचून झाल्यावर मुलांना फोन करा. त्यांना आमचा पत्ता द्या. नोंदणी सात दिवस आधी करायला सांगा. पाहुण्यांची संख्या दोन, आणि दुसऱ्या पाहुण्याच्या रकान्यात तुमचे नाव. तयार कार्डावर ते नसणार, तेव्हा त्यांच्याकडून एकदा पाठ म्हणवून घ्या. आणि आधार कार्ड सापडेल अशा ठिकाणी ठेवा. ते लागते.